कागदावर आई कोण? दोन आयांच्या घरातली हिंसा आणि बाहेर पडायची तयारी

मुंबईत दोन बायका मिळून मूल वाढवत असतील तर सोसायटीच्या लेखी त्या सहसा बहिणी असतात, मैत्रिणी असतात, नाहीतर रूममेट. मूल एकीला आई म्हणतं, दुसरीला मावशी. जन्मदाखल्यावर एकीचंच नाव, शाळेच्या फॉर्मवर तेच, लिव्ह अँड लायसन्सच्या करारावरही बरेचदा एकीचंच. घर लोकांच्या नजरेपासून जपायला ही तडजोड केलेली असते. पण दोघींपैकी एक मारायला, कोंडायला, धमकवायला लागली की तिला वेगळं हत्यार शोधावं लागत नाही. ही तडजोडच तिला पुरते.

म्हणून अशा घरात 'कोण कोणाला मारतं' याच्या जोडीला आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारावा लागतो: कागदावर मुलाची आई कोण? मार खाणारी की मारणारी? पोलिसांत काय सांगायचं, मुलाला घेऊन निघायचं की नाही, कुठल्या कोर्टात जायचं, हे सगळं या उत्तरावर फिरतं. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लावला, तर काही वेळा त्यातून उलट गुन्हा अंगावर येऊ शकतो.

मूल कुठल्या वाटेने आलं

सगळ्यात जास्त दिसणारी वाट आधीच्या लग्नाची. मूल पहिल्या नवऱ्यापासूनचं, घटस्फोट झालेला किंवा नवरा नुसताच वेगळा राहतोय. कायद्याने मुलाचे पालक दोन आहेत, आई आणि तो. घरात मुलाचे डबे भरणारी, अभ्यास घेणारी पार्टनर कायद्याच्या हिशेबात कोणीच नाही.

दुसरी वाट आयव्हीएफची. सहाय्यक जननतंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा २१ ते ५० वयाच्या एकट्या स्त्रीला उपचार घेऊ देतो. जोडपं म्हणून मात्र तो लग्न झालेल्या स्त्री-पुरुषांनाच ओळखतो. त्यामुळे दोघींपैकी एक 'सिंगल वुमन' म्हणून क्लिनिकमध्ये जाते, आणि खर्च दोघींनी मिळून केला तरी आई एकच ठरते. 'बीज तुझं, गर्भाशय माझं' हा बेतही इथे बसत नाही. बीज देणारी बँकेमार्फत यावी लागते.

तिसरी वाट दत्तकाची. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. जोडप्याला मात्र दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक आयुष्याची अट आहे आणि ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात, म्हणजे समलिंगी विवाहाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ती कायम ठेवली. दत्तकाचा आदेश एकीच्याच नावाने निघतो. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहिते. शिवाय दीर्घकाळ लिव्ह-इनमध्ये असलेल्या एकट्या अर्जदाराला पात्र धरायचं नाही, असं 'कारा'ने, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, २०२२ साली परिपत्रक काढलं होतं. त्यामुळे 'पुढच्या भेटीला मॅडम आल्या की त्यांना सगळं सांगते' ही धमकी या दोन वर्षांत फार लागते.

प्रत्येक वाटेची धमकी वेगळी. लग्नातून आलेल्या मुलाच्या आईला ऐकावं लागतं, 'तुझ्या नवऱ्याला फोन लावते, कोणाबरोबर झोपतेस ते कळू दे त्याला.' कागदावर नसलेल्या आईला ऐकावं लागतं, 'मूल माझं आहे, तू कोण? चालती हो, पुन्हा तोंडसुद्धा दिसणार नाही त्याचं.' ज्यांच्या घरी काहीच माहीत नाही त्यांना, 'तुझ्या आईला फोटो पाठवू का?' या वाक्यांना हात उगारायची गरजच पडत नाही, आणि म्हणून ती ऐकणारी बाई बरेचदा म्हणते, 'तसं मारत नाही हो ती रोज.'

'दोघींचं भांडण' आणि हिंसा

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण लेस्बियन स्त्रियांत ४३.८ टक्के, बायसेक्शुअल स्त्रियांत ६१.१ आणि इतरांत ३५ टक्के निघालं. ४३.८ चा आकडा उचलून 'बघा, यांच्यातच जास्त' म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी पुढची ओळही वाचावी. यातल्या साधारण दोनतृतीयांश लेस्बियन स्त्रियांनी त्रास देणाऱ्या फक्त स्त्रियाच असल्याचं सांगितलं होतं. उरलेल्या एकतृतीयांशांच्या बाबतीत पुरुषही होते, म्हणजे आधीचे नवरे, आधीचे मित्र. आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जोडीदाराच्या हिंसेबद्दल विचारतं ते नवऱ्याला धरून, त्यामुळे ही घरं त्यात उमटतच नाहीत.

दोन बायकांच्या भांडणात नेमकी त्रास देणारी कोण, हे ओळखताना पोलीस, समुपदेशक आणि मित्रमंडळी तिघांचीही हमखास गफलत होते. केस कापलेली, शर्ट-पॅंट घालणारी तीच मारत असणार असं धरलं जातं. उंची, आवाज, कपडे यांवरून काहीही कळत नाही. अंगावरच्या खुणाही फसवतात, कारण मार चुकवताना समोरचीच्या मनगटाला नखं लागतात, चावा घेतला जातो आणि ठाण्यात दोघीही जखमा दाखवतात.

त्यापेक्षा भांडणाच्या आधी आणि नंतर काय होतं ते विचारावं. घरी यायला उशीर झाला तर पोटात गोळा कोणाच्या येतो? एटीएम कार्ड कोणाकडे असतं? कोणाच्या मैत्रिणी गेल्या वर्षभरात एकेक करून तुटल्या? भांडण मिटवायला माफी कायम कोण मागतं? आणि 'नको' म्हटल्यावर त्याची किंमत कोण मोजतं? दोघींनी एकमेकींना थपडा मारल्या असल्या तरी ही उत्तरं बहुधा एकाच बाजूला झुकतात. झुकत नसतील, दोघींनाही एकमेकींची भीती वाटत नसेल, तर ते वाईट नातं असेल, पण पुढे लिहिलेली तयारी त्याला लागू नाही.

यात आणखी एक दडपण असतं आणि ते आपल्याच माणसांकडून येतं: 'आधीच लोक आपल्याबद्दल वाटेल ते बोलतात, त्यात हे बाहेर काढू नकोस.' मुंबईतलं क्विअर, म्हणजे समलिंगी आणि तत्सम माणसांचं, वर्तुळ तसं लहान. दोघींच्या मैत्रिणी त्याच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेच. नातं सोडायचं म्हणजे तिच्यासोबत सगळं गणगोतही सोडायचं. मदत गटाकडे जाताना म्हणूनच पहिल्या फोनलाच सांगावं की पार्टनरही याच गटात येते. दोघींसाठी वेगवेगळ्या कार्यकर्त्या द्या आणि आमचं बोलणं एकीचं दुसरीला कळू देऊ नका.

निघायच्या आधी: कागद, फोन, पैसा

मारहाण होत असताना घरातून निसटणं वेगळं. त्या वेळी कागदांचा विचार करायचा नाही, मूल आणि फोन घेऊन दार गाठायचं, ११२ फिरवायचा. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये शिरायचं टाळायचं. एकीकडे सुऱ्या आणि दुसरीकडे बाहेरून लागणारी कडी. पण ठरवून निघायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांची शांत तयारी जीव वाचवते. नातं सोडायची वेळ ही सगळ्यात धोक्याची वेळ असते, तेव्हा 'मी चालले' हे समोर उभं राहून जाहीर करायचं नाही.

सोबत न्यायचे कागद असे: मुलाचा मूळ जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, शाळेचं ओळखपत्र आणि फीच्या पावत्या. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, त्यातलं मुलाच्या ताब्याचं कलम असलेलं पान विशेष. दत्तकाचा आदेश, किंवा क्लिनिकची संमतीपत्रं आणि बिलं. स्वतःचं पॅन, आधार, पासपोर्ट, बँकेची कागदपत्रं, घराचा करार. मूळ कागद एकदम गायब झाले तर घरात लक्षात येतं, म्हणून आधी नुसते फोटो काढून नव्या ईमेल खात्यावर ठेवावेत आणि मूळ प्रती शेवटच्या एक-दोन दिवसांत ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा भरवशाच्या माणसाकडे हलवाव्यात. ते माणूस दोघींच्या सामाईक मैत्रिणींपैकी नको.

फोनचं काम नाजूक आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडा. तिथे ओळखीचा नसलेला लॅपटॉप दिसला तर तुमची चॅट दुसरीकडे वाचली जातेय. गुगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, मुलाच्या टॅबवरचं फॅमिली लिंक, फाइंड हब (आधीचं फाइंड माय डिव्हाइस), ओला-उबरचं सामाईक खातं, फास्टॅगचे मेसेज कोणाच्या नंबरवर जातात हेही पाहा. पण सापडलं म्हणून लगेच बंद करू नका. एका संध्याकाळी सगळे पासवर्ड बदलले की समोरचीला तेवढ्यावरून कळतं. मदतीचे फोन ऑफिसच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून करावेत आणि बंद करायची कामं निघाल्यानंतरच्या पहिल्या तासात उरकावीत.

सामाईक बँक खातं 'आयदर ऑर सर्व्हायवर' असेल तर कोणीही एकटी सगळे पैसे काढू शकते. निघायच्या दिवशीच शाखेत लेखी अर्ज द्यावा की पुढचे व्यवहार दोघींच्या सहीशिवाय करू नयेत. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्यावा. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तसं खातं असेल तर त्याचं स्टेटमेंट हा एकत्र घर चालवल्याचा चांगला पुरावा आहे. जपून ठेवा.

वार निवडायचा झाला तर सोमवार किंवा मंगळवार, मूल शाळेत आणि पार्टनर कामावर असताना. शुक्रवारी रात्री निघालं की कोर्ट, बँक, विधी सेवेचं कार्यालय पुढचे दोन दिवस बहुतेक बंद, आणि तेवढ्यात समोरची शाळेपर्यंत पोचलेली असते.

मूल कोणाबरोबर जाणार

निघणारी आई कागदावरची असेल तर मूल सोबत न्यावं. पार्टनरला मुलाच्या ताब्याचा कायदेशीर हक्क नाही. शाळेला त्याच दिवशी लेखी कळवावं: 'यापुढे मुलाला न्यायला मी किंवा अमुक व्यक्तीच येईल, आधी दिलेलं पिक-अप कार्ड रद्द समजावं.' कारण लिहायची गरज नाही. तोंडी सांगितलेलं वर्गशिक्षिकेपर्यंत पोचतं, पण गेटवरच्या वॉचमनपर्यंत आणि स्कूलबसच्या ताईपर्यंत पोचत नाही. अर्जाची प्रत बसच्या ठेकेदारालाही द्या. 'मावशी' म्हणून रोज येणारा चेहरा वॉचमन अडवत नाही.

पहिल्या नवऱ्याचा प्रश्न मात्र इथेच उभा राहतो. पोलिसांत तक्रार दिली आणि त्यात नातं लिहिलं गेलं तर ती कागदपत्रं उद्या त्याच्या वकिलाच्या हाती पडू शकतात. ही भीती खोटी नाही. पण त्यापायी मार खात राहायचं का, हे ठरवताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालापासून समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. आणि मुलाच्या ताब्याच्या दाव्यात कोर्ट सगळ्यात आधी मुलाचं हित पाहतं. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडेच राहावं असं लिहिलंय. तरीही 'चारित्र्य' काढलं जाईलच, त्याला उत्तर म्हणून मुलाला रोज कोण सांभाळतं याचा पुरावा आजपासून गोळा करावा: पालकसभेच्या सह्या, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, लसीच्या तारखा. उलट बाजूने पाहिलं तर मारहाणीच्या घरात मूल ठेवत राहणं हाच मुद्दा उद्या आईविरुद्ध जास्त जड जातो.

निघणारी आई कागदावर नसेल तर गोष्ट फार अवघड आहे, आणि इथे गोड बोलून उपयोग नाही. मूल घेऊन निघालात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली, कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मूल पळवल्याची तक्रार होऊ शकते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तुम्ही त्या मुलाला जन्मापासून वाढवलंत हे त्या क्षणी ठाण्यात कोणी ऐकत नाही. मुलालाच मार बसत असेल तर स्वतः उचलून न नेता १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा. तिथून प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारलं, छळलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं, मग ती व्यक्ती जन्मदाती असली तरी.

मुलाला भेटता यावं म्हणून पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम ८ बघावं. पालक नेमण्यासाठी मुलाचा नातेवाईक 'किंवा मित्र' अर्ज करू शकतो असे शब्द त्यात आहेत, आणि या शब्दांतून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात शिरायला वाट मिळते. पण कलम १९ लगेच आडवं येतं: आई किंवा वडील जिवंत आणि लायक असताना कोर्टाला दुसरा पालक नेमता येत नाही. म्हणून वकील या अर्जाचा उपयोग बरेचदा तडजोडीने भेटीच्या वेळा ठरवून घेण्यासाठी करतात. तुमच्या खात्यातून गेलेली शाळेची फी, मुलाच्या आजारपणाची बिलं, तुमच्या नावे असलेली विम्याची पावती, वर्षानुवर्षांचे फोटो, सगळं पुराव्यात धरा.

आधी दवाखाना, मग ठाणं

मार बसल्यावर शक्य तितक्या लवकर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं. केसपेपर काढताना 'पडले' असं सांगितलं की पुढे सगळं अडतं, कारण तेच कागदावर राहतं. डॉक्टरला सरळ सांगायचं: 'एकाच घरात राहणाऱ्या व्यक्तीने काल रात्री अकराच्या सुमाराला दोन्ही हातांनी गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधारी आली, नंतर मनगट पिरगळलं.' कोणी, केव्हा, कशाने, शरीराच्या कुठल्या भागाला. आणि 'एमएलसी करा', म्हणजे पोलीस-कोर्टासाठी जखमांची कायदेशीर नोंद करा, असं स्पष्ट म्हणायचं. तिचं-तुमचं नातं काय हे या कागदावर लिहिणं तुमच्या मर्जीवर आहे. जखमेच्या नोंदीला त्याची गरज नाही. जखमांचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी काढावेत, काही वळ उशिरा उमटतात.

गळा दाबला गेला असेल तर बाहेरून काही दिसत नाही म्हणून घरी बसू नका. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं, यातलं काहीही झालं असेल तर ते डॉक्टरला सांगायलाच हवं. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास काही दिवसांनीही उद्भवतो. पुरुष जोडीदाराच्या हिंसेवरच्या २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याची शक्यता सातपटींहून जास्त आढळली होती. स्त्री जोडीदाराच्या बाबतीतही ही खूण तितक्याच गंभीरपणे घ्यावी असं आमचं मत आहे.

वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, त्याला वीसहून अधिक वर्षं झाली. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. समुपदेशक तिथेच बसते, त्यामुळे 'दवाखान्यात जाऊन येते' एवढं सांगून घराबाहेर पडता येतं.

ठाण्यात काय घडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. साधी मारहाण, म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे, त्यामुळे हवालदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून चिठ्ठी हातात देतात. एनसीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. वर दोन बायका दिसल्या की 'आपसातलं भांडण' म्हणून दोघींची एनसी घेऊन मोकळे होतात, आणि पार्टनर आधी ठाण्यात पोचली असेल तर आरोपी तुम्हीच. हाड मोडलं असेल, हत्यार वापरलं असेल, चटका दिला असेल तर कलमं बदलतात, ११७ किंवा ११८ लागतं आणि गुन्हा दखलपात्र होतो. एमएलसी सोबत असण्याचा फायदा इथेच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो.

कलमं निवडताना एक अडचण लक्षात ठेवा. बलात्कार आणि पाठलाग या कलमांत आरोपी पुरुषच असावा लागतो. नवऱ्याच्या क्रूरतेचं कलम ८५ही इथे उपयोगाचं नाही. पण विनयभंगाचं ७४, कपडे उतरवण्यासाठी बळ वापरण्याचं ७६ आणि खासगी क्षणांचं चोरून चित्रीकरण करण्याचं ७७ यांत आरोपी कोणीही असू शकतं. 'घरी सांगेन, ऑफिसात सांगेन' ही धमकी कलम ३५१ मध्ये बसते, कारण अब्रूला धक्का लावायची धमकी त्यात स्पष्ट धरलेली आहे. त्या बदल्यात पैसे मागितले तर ३०८, खंडणी. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट कापू नका, मूळ फोन विकू नका; कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

अगदीच काही होत नसेल तर चॅप्टर केसची मागणी करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली समोरच्या व्यक्तीकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बॉण्ड घेता येतो. मुंबईत हे काम सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालतं. शिक्षा नव्हे, पण एसीपीच्या ऑफिसात हजेरी लावावी लागली की पुष्कळ जणींचा आवाज खाली येतो.

आणि रात्रीचा हिशेब वेगळा. बाईला सूर्यास्तानंतर सहसा अटक होत नाही, अपवादाला महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. नवरा असता तर पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवला असता, या आशेवर राहू नका. तक्रार देऊन झाली की ती घरीच असेल असं धरून आपण दुसरीकडे झोपायची सोय आधी करून ठेवा.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होतो का

२००५ चा कायदा आधी म्हणायचा की तक्रार 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच करता येते. मुंबईतूनच गेलेल्या हिरल हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे शब्द काढून टाकले. म्हणजे स्त्रीविरुद्ध अर्ज करता येतो, इथपर्यंत वाट मोकळी. अडतं ते पुढच्या शब्दाशी, 'विवाहसदृश संबंध'. २०१० च्या वेलुसामी निकालाने त्याच्या अटी सांगितल्या आणि त्यातली एक अशी की दोघंही कायद्याने लग्न करायला पात्र असावेत. समलिंगी विवाहाला मान्यता नाही, त्यामुळे समोरचा वकील हेच बोट दाखवतो. याला उत्तर म्हणून २०२२ च्या दीपिका सिंग निकालातलं, क्विअर नातीही कुटुंब असू शकतात हे निरीक्षण पुढे ठेवलं जातं. प्रश्न सुटलेला नाही. म्हणून शहाणा वकील फक्त या एका अर्जावर विसंबत नाही. दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा आणि न्याय संहितेखालची तक्रार यांचीही तयारी ठेवतो.

जिथे हा कायदा नक्की लागतो तिथे तो वापरायला विसरू नका. लेस्बियन आईला मारणारे, कोंडणारे पुष्कळदा तिचे आईवडील आणि भाऊ असतात. ते रक्ताचं नातं आहे, वादच नाही. पूर्वीच्या नवऱ्याविरुद्धही, एकत्र राहत असतानाच्या हिंसेसाठी, घटस्फोटानंतर अर्ज करता येतो. अर्ज मॅजिस्ट्रेटकडे, कलम १२ खाली. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत अशी अपेक्षा कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात. त्यामुळे कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागावा. सुनावणी बंद दाराआड हवी असेल तर कलम १६ चा अर्ज सोबत जोडावा. ज्यांचं नातं अजून घरी माहीत नाही त्यांना याची फार गरज असते. सगळ्याच स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

एक गोष्ट नाकारायची. ठाण्यातल्या कक्षात किंवा कोर्टात 'दोघी समोरासमोर बसा, मिटवून टाका' असं सुचवलं जातं. जिची भीती वाटते तिच्या शेजारी बसून कोणी खरं बोलत नाही, आणि बोललं तर घरी गेल्यावर ते वसूल होतं. वेगवेगळं समुपदेशन द्या, असं सांगावं. हवं तर लेखी.

राहायचं कुठे

१८१ महिला हेल्पलाइन, मुंबई पोलिसांची १०३, आणि हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं सरकारी सखी वन स्टॉप सेंटर. सखीमध्ये तात्पुरता निवारा जास्तीत जास्त पाच दिवस. मुली कुठल्याही वयाच्या सोबत चालतात, मुलगे ठरावीक वयापर्यंतच. मोठा मुलगा असेल तर पहिल्या फोनलाच सांगा, नाहीतर रात्री अकराला दारात अडचण होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेले, हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचे विशेष कक्ष काही ठाण्यांतच बसतात. तिथली कार्यकर्ती एनसी आणि एफआयआरमधला फरक अंमलदाराशी भांडून समजावू शकते. १९९५ मध्ये 'स्त्री संगम' नावाने सुरू झालेला लेस्बियन-बायसेक्शुअल स्त्रियांचा लेबिया गट आणि एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टचा 'उमंग' गट यांच्याकडे नातं लपवून बोलावं लागत नाही. स्त्रियांना कायद्याची मदत देणाऱ्या मजलिस संस्थेच्या महिला वकिलांचं कामही मुंबईतलंच.

निवाऱ्यात एक वेगळा धोका असतो आणि कर्मचाऱ्यांच्या तो चटकन ध्यानात येत नाही. पुरुषाला दारातच अडवलं जातं, पण बाई 'मी तिची बहीण, तिला न्यायला आलेय' म्हणून सरळ आत येते, किंवा स्वतःच पीडित म्हणून दाखल होऊ पाहते. त्यामुळे नाव नोंदवताना अधीक्षिकेला पार्टनरचा फोटो दाखवा, तिचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला सांगा, आणि खरंच भेटायला येऊ शकतील अशा दोनच व्यक्तींची नावं द्या. मुलाला विचारलं तर तो सहज सांगेल, 'हो, ती माझी मावशी आहे.'